मागे लावलेलं इंजिन

मला राग लवकर येतो, मान्य. पण तुम्ही एक उन्हाळा माझ्या बाबांबरोबर बोट दुरुस्त करून दाखवा आणि मग मला शांत राहायला शिकवा.

बोट बाबांची. लाकडी, रुंद पोटाची, मधोमध डिझेल इंजिन आणि त्यावर लाकडी पेटी. खाडीच्या पलीकडच्या काठावर माल पोचवायचा नि परत यायचं, यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं, चाक हातात आणि गुडघा त्या पेटीला टेकलेला. इंजिन हॅण्डल फिरवून सुरू करायचं. एकदा ते उलटं फिरलं आणि बाबांचं मनगट मोडलं. तेव्हापासून बोट दादाच्या आवारात ताडपत्रीखाली पडून होती आणि बाबा घरात. एक दिवस जेवताना दादा म्हणाला, "तोडून टाकू. लाकूड तरी कामाला येईल." बाबा भरल्या ताटावरून उठून गेले.

बोटींची इंजिनं दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. म्हटलं, "जुनं इंजिन काढते, मागे नवं टांगते. चावी फिरवली की सुरू, हॅण्डलची कटकटच नको." दादाने अट घातली. बाबांनी एकट्याने बोट सुरू करायची, पाण्यात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाला वळसा घालून धक्क्याला आणायची. जमलं तर बोट त्यांची. नाही जमलं तर बोट तोडायची आणि मी तोंड उघडायचं नाही.

"उघडणार नाही," म्हटलं. केवढा तो माझा तोरा!

जुनं इंजिन साखळीने वर उचललं तेव्हा बाबा पाठ फिरवून उभे राहिले. म्हटलं, असू दे, जीव जडलेला असतो. पण त्यानंतर त्यांनी जे मौन धरलं, बाप रे! मी बोटीच्या पोटात डोकं खुपसून जुन्या इंजिनाच्या पंख्याच्या दांड्याचं भोक बुजवतेय आणि विचारतेय, "बाबा, इथे लाकडाची खुंटी ठोकू की नुसतं फायबर लावू?" उत्तर नाही. मागची फळी पार कुजली होती. ती काढून जाड प्लायवूडचे थर चिकटवले, सगळं वजन आता मागे जाणार म्हणून बॅटरी आणि टाकी पुढे सरकवली. "बाबा, इंजिन किती खाली बसवू?" उत्तर नाही. बाहेर येऊन बघावं तर हे आपले निवांत रंग खरवडतायत! समोर जाऊन दरडावलं की मात्र लगेच उत्तर, वर हसूसुद्धा. म्हणजे मनात आलं तर बोलणार, नाहीतर मी मेले काय नि जगले काय. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि मी ओरडत होते याचं घरात कुणाला काही वाटायचंही नाही. आमच्याकडे हळू बोलतंच कोण? बाबा इंजिनाच्या आवाजावर बोलून बोलून ओरडायला शिकले, त्यांच्यामुळे आई, आईमुळे आम्ही. "मीठ दे" म्हटलं तरी शेजारी खिडकीत येतात. निम्मं बोलणं तर हातवाऱ्यांनीच चालतं.

कहर झाला तो इंजिनाच्या बोल्टांची भोकं पाडताना. बाबा बाहेरून ड्रिल चालवत होते, मी आतून फळी दाबून धरली होती. ड्रिलचं टोक खुणेवर यायचं सोडून थेट माझ्या अंगठ्यापाशी निघालं. मी किंचाळले, "थांबा! थांबा!" थांबायचं नावच नाही. हात ओढून घेतला म्हणून अंगठा शाबूत राहिला.

मी बाहेर आले आणि त्यानंतर जे बोलले त्यातलं निम्मं इथे सांगण्यासारखं नाही. "नको असेल बोट तर सरळ सांगा ना! माझा हात कशाला तोडताय?"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. माझा अंगठा हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितला. "चुकलं गं," एवढंच म्हणाले. पुन्हा म्हणून त्यांनी ड्रिलला हात लावला नाही. मला वाटलं, रुसले. रुसा! मलाही रुसता येतं. नंतरचे दिवस आम्ही त्या बोटीच्या दोन टोकांना बसून काम केलं.

शेवटी बोट पाण्यात उतरली. काय दिसत होती म्हणून सांगू! मागून थोडी दबलेली, पण ऐटबाज. जुनं चाक मी जिथल्या तिथे ठेवलं होतं, चावी त्याच्या शेजारी, म्हणजे बाबांना जागा बदलायला नको. बाबा नवा शर्ट घालून आले. दादा धक्क्यावर हाताची घडी घालून उभा. मी त्याच्या बाजूला.

बाबांनी चावी फिरवली. मागचं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. जुन्या डिझेलच्या मानाने आवाज तो काय, पण धक्क्यावर आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता. मी दादाकडे नाक वर करून बघितलं. तेवढ्यात मागून दात खाल्ल्यासारखी कर्रकर्र सुरू झाली. बाबा चावी सोडतच नव्हते! चालू इंजिनावर चावी दाबून धरली की आतल्या चाकाचे दात जातात, हे पोरासोरांनाही कळतं.

"सोडा चावी!" मी ओरडले. ढिम्म. "अहो बाबा, मोडायचंच ठरवलंय का?" मुद्दाम करतायत, मला खात्रीच पटली. माझं नवंकोरं इंजिन!

"नाही जमत त्यांना," दादा म्हणाला. "सोड आता."

बाबा आमच्याकडे वळले. कपाळावर घाम. घाबरलेल्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "अगं, सुरू का होत नाही?"

इंजिन चालू होतं. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर चालू होतं.

मी धक्क्यावरून बोटीत उडी मारली. दादा म्हणाला, "एकट्याने म्हणालो होतो." मी म्हटलं, "गप्प बस रे!" बाबांचा हात चावीवरून काढला, त्यांना मागे वळवलं आणि इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार दाखवली. इंजिन चालू असतं तोवर ती पडते. मी हाताने खूण केली: धार आहे, इंजिन चालू; धार नाही, इंजिन बंद. बाबांनी धारेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला कळलंय हे त्यांना कळलं. त्यांनी नजर खाली घातली.

मी बोटीतून उतरले. दोर सोडला. बाबा निघाले.

"त्यांना ऐकू येत नाही," मी दादाला म्हटलं.

"काहीतरीच काय! कधीपासून?"

"मला काय विचारतोस? तू मुलगा ना त्यांचा?"

"आणि तू कोण?"

बाबा दर थोड्या वेळाने मान वळवून धार बघत होते. बोयाला त्यांनी असा सुरेख वळसा घातला की दादाच्या हाताची घडी सुटली. परत येऊन बोट धक्क्याला लावली, जरासुद्धा धडक नाही. दादाने दोर पकडला.

मी त्यांच्या समोर उभी राहिले. "कधीपासून?"

"हळूहळू गेलं," बाबा म्हणाले. "बरीच वर्षं झाली. जुनं इंजिन गुडघ्याला कळायचं, म्हणून भागलं."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर बोट ठेवली असतीत?"

दादा दोराची गाठ मारत बसला. नसतीच ठेवली. मीसुद्धा नसती ठेवली.

"बोट तुमची," दादा शेवटी म्हणाला. मग आठवण होऊन समोर आला, पुन्हा तेच म्हणाला आणि माझ्याकडे हात केला. "पण ही बरोबर असल्याशिवाय जायचं नाही."

बाबांनी मान डोलावली आणि हसले. हसले! अख्खा उन्हाळा मी यांच्या पाठीशी भांडले, रडले, अंगठा जाता जाता वाचला, आणि हे हसतायत. असा संताप आला की काय सांगू. मी त्यांना बाकावर बसवलं, समोर बसले आणि म्हटलं, "माझ्या तोंडाकडे बघा. आता पहिल्यापासून सगळं परत बोलणार आहे मी."

"बोल," बाबा म्हणाले आणि सरसावून बसले.