वेगळा ग्लास

"हात दाखव," विजयाबाई म्हणाल्या, आणि बिसाहिनने हात पदराखाली लपवले.

हे नवीनच होतं. एरवी बिसाहिनला हात दाखवायची भारी हौस. कोहका गावाजवळच्या मिशनच्या दवाखान्यात रोज सकाळी पेशंटांनी घमेल्यातल्या पाण्यात हातपाय भिजवायचे, तिथे काम करणाऱ्या विजयाबाईंनी घट्टे घासायचे, तेल लावायचं, हे वर्षानुवर्षं चाललेलं. बिसाहिनचा कुष्ठरोग कधीच बरा झाला होता, पण जाताना हातांची जाणीव घेऊन गेला होता. कातडीला कळत नाही ते डोळ्यांनी बघायचं आणि गरम भांडं फडक्याशिवाय धरायचं नाही, हे विजयाबाईंनी शिकवलं आणि तिने मनापासून पाळलं. फडकं कायम पदराच्या गाठीला. डॉक्टर मसीह नव्या पेशंटांना सांगायचे, "बिसाहिन को देखो, सीखो."

विजयाबाईंनी तिचे हात ओढून बाहेर काढले. दोन्ही तळव्यांवर टरारून फोड आले होते.

"ये कैसे हुआ?"

"चुल्हा म जर गे, दीदी," चुलीवर पोळलं, असं ती जमिनीकडे बघत म्हणाली.

फोड दोन्ही तळव्यांवर सारखेच, बोटांपर्यंत गोलाई धरून उठलेले. चूल काही असं मापात पोळत नाही. विजयाबाईंना कालचा चहा आठवला.

अनुजाच्या, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटणं सुरू होतं आणि पहिली पत्रिका त्यांनी बिसाहिनला दिली होती. बिसाहिनने लगेच काशाचा लोटा विकत घेतला. टिकावन, म्हणजे मांडवात नवरीला द्यायचा अहेर. हे ऐकून विजयाबाईंचे यजमान नरहरीराव बेचैन झाले. स्टील प्लांटमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस वाईट नव्हता, फक्त चार लोक काय म्हणतील याचा हिशेब त्यांचा कधी संपत नसे.

"मांडवात नको आणू तिले," ते म्हणाले होते. "पोराकडचे, अकोल्याचे लोक हायेत ते. घरी बोलाव, चहा पाज, लोटा इथंच घेऊन घे."

"अन तिनं विचारलं तं?"

"सांग काहीतरी. गर्दी हाय म्हण."

विजयाबाईंना याचा रागच आला होता. पण लग्नघरात भांडण नको म्हणून त्यांनी तो गिळला आणि बिसाहिनला रिसालीला आपल्या घरी बोलावलं.

ती आली, व्हरांड्यात खुर्चीच्या कडेवर बसली. विजयाबाई तिच्यासाठी साडी शोधायला आत गेल्या. तेवढ्यात नरहरीरावांनी हौसेने स्वतः चहा केला. शोकेसमधल्या कपांना हात न लावता खिडकीतला स्टीलचा ग्लास घेतला. कामवाली, भंगारवाला, दूधवाला या सगळ्यांसाठी तो वेगळा ठेवलेला होता. उकळता चहा त्यांनी काठोकाठ भरून दिला. खुद्द साहेबांनी आणलेला चहा! त्यांच्यासमोर पदराची गाठ सोडून मळकं फडकं काढायचं, हे बिसाहिनच्या जिवाला पटलं नसणार. तिने ग्लास दोन्ही हातांत धरला आणि शेवटच्या घोटापर्यंत धरून ठेवला.

विजयाबाई बाहेर आल्या तेव्हा ग्लास रिकामा झाला होता. लोटा मात्र बिसाहिनने दिला नाही. "मड़वा म देहूं," मांडवातच देईन म्हणाली, आणि साडी घेऊन हसत गेली.

दवाखान्यात रोज भिजवणं आटोपलं की प्रार्थना व्हायची. विजयाबाईंना तिथली गाणी पाठ होती आणि घरचा चतुर्थीचा उपासही पक्का होता. देवांनी आपसात बघून घ्यावं, असं त्या म्हणत. प्रार्थना संपली की ज्याला नवी जखम असेल त्याने उठून ती कशी झाली ते सांगायचं, अशी दवाखान्याची रीत होती. बाकीच्यांनी त्यातून शहाणं व्हावं म्हणून.

त्या सकाळी बिसाहिन उठली. चुलीचं सांगितलं.

"और कपड़ा?" डॉक्टर मसीह रागावले. "तू भी? फिर मैं किसका नाम लूँ?"

तिने मान खाली घातली. तिथे तिच्याजवळ होतं ते एवढं चांगलं नाव, आणि तेही ती विजयाबाईंच्या घराला बोल लागू नये म्हणून घालवायला निघाली होती. विजयाबाईंना ते सोसेना.

"चूल्हा नहीं, डॉक्टरसाहब," त्या उभ्या राहिल्या. "मेरे घर का ग्लास था."

त्या दिवसापासून विजयाबाई घरी त्याच ग्लासातून चहा घेऊ लागल्या. नरहरीरावांनी दोनतीन दिवस पाहिलं.

"कावून त्या ग्लासात पिऊन राहिली तू?"

"पाहून राहिली, किती पोळते ते."

"मंग?"

"धरवत नाही. तिनं आखरी घोटापावतर धरला. डॉक्टर म्हणते, करंगळीचं पेर जाईन."

नरहरीराव हळूच म्हणाले, "मले का मालूम होतं?"

"मले होतं. म्या सांगाले पायजे होतं." त्यांना रडू आलं. "बिसाहिन मांडवातच येईन. मी सांगून आली तिले."

बिसाहिन लग्नाला आली. तीच साडी, हातांना पट्ट्या, करंगळीचं पेर गेलेलं. दोन पट्ट्यांच्या मध्ये धरून आणलेला लोटा तिने अनुजाच्या ओटीत ठेवला. अनुजा वाकून तिच्या पाया पडली. मग बिसाहिन पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसली, तशी शेजारची नवरदेवाची मावशी उठून तीन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली.

नरहरीरावांनी ते पाहिलं. ते घाईघाईने आत गेले. मावशीची समजूत घालायला थंड काही आणतील, असं विजयाबाईंना वाटलं. ते आले ते आधीच घरून आणवून ठेवलेल्या शोकेसमधल्या फुलाफुलांच्या कपबशीतून चहा घेऊन, आणि मावशीच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. बिसाहिनने तेव्हासारखेच दोन्ही हात पुढे केले.

"रुको बाई, अभी गरम है," ते म्हणाले. त्यांनी चहा बशीत ओतला, बशीचं बूड आपल्या मनगटाला लावून पाहिलं आणि अकोल्याच्या सगळ्या मंडळींसमोर बशीवर फुंकर घालू लागले. बिसाहिन हात मांडीवर ठेवून चहा निवायची वाट बघत बसली.