सावलीतले सहा वाफे

ओब्दुलिया गेल्याचा निरोप हॉस्पिटलमधून आला, तेव्हा तिचा नवरा सेफेरिनो संशोधन केंद्रात चौदा नंबरच्या वाफ्यातली कॉफीची फळं तोलत होता. आकडा लिहूनच तो निघाला.

नऊ दिवसांची प्रार्थना आटोपून तो कामावर आला, तर इंजिनीअर मारिएलोस कागद घेऊन वाटच बघत होत्या.

"बसा काका. चोवीस वाफे आपले. सावली, खत, छाटणी, प्रत्येक गोष्ट कुठे आहे, कुठे नाही. एकेक बघितलं तेव्हा काही कळेना. तिन्ही एकत्र मांडल्या आणि सापडलं. उघड्यावर खत नसलं की पीक निम्मं. सावलीत नसलं तरी काही बिघडत नाही."

"असं होतं कधी, बाई?"

"सावलीतल्या बिनखताच्या सहाच्या सहा वाफ्यांत योगायोग होत नाही, काका. सोमवारी शेतकऱ्यांसाठीचं पत्रक छापायला जातंय. दरीतले सगळे सावलीतलं खत बंद करतील."

सेफेरिनोने कागदावरचे ते सहा आकडे पुन्हा बघितले.

त्या सहा वाफ्यांना ओब्दुलिया तीन वर्षं चुलीतली राख आणि फळांची कुजवलेली सालं घालत होती. उघड्यावरच्या सहांनाही घातली असती, पण ते ऑफिसच्या खिडकीतून दिसायचे. सावलीत ती दिसत नसे.

"अगं, ती मोजायची झाडं आहेत," तो म्हणायचा.

"मोजा की. मी कुठं तुमच्या तराजूला हात लावते? एकाला जेवू घालायचं नि दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, ही कुठली रीत? साहेबीणबाईंना मुलं नाहीत वाटतं."

तो हसून सोडून द्यायचा. आता सांगावं, तर नोकरीचं जाऊ दे, पण केंद्रात सगळे म्हणतील, म्हातारीने तीन वर्षांची माती केली. कबरीवरची माती अजून ओली होती.

शनिवारी तो ऑफिसच्या दारात उभा राहिला.

"काही हवंय, काका?"

"नाही. तराजूला तेल घालायचं होतं."

पत्रकं गेली. महिन्याने ओब्दुलियाचा भाऊ निकानोर दरीतून वर आला.

"दाजी, यंदा खत आणलंच नाही. तुमच्याच केंद्राचा कागद आहे. आमची सगळी बाग सावलीत. ताई असती तर म्हणाली असती, आळशाला निमित्त मिळालं."

"झाडं कशी आहेत?"

"पानं जरा पिवळी पडलीत. पण तुम्ही लोकांनी मोजलंय म्हटल्यावर काय."

सेफेरिनोने त्याला कॉफी दिली. कप देताना त्याने मान वर केली नाही. निकानोरला वाटलं, ताईच्या आठवणीने.

फुलोरा यायला सात आठवडे आहेत; त्याआधी खत पडलं तर दरीतलं पीक वाचेल. सेफेरिनोने अजून कोणालाच सांगितलेलं नाही.