पाठमोरा माणूस आणि मी बोथट सुरी

मी एक जुनी, बोथट सुरी आहे. माझ्याने भाजी चिरवत नाही, पण कॅनव्हासवरचा ओल्या रंगातला माणूस मी एका फटक्यात मारते. मित्रांनो, तेच माझे काम, आणि खोटे कशाला बोलू, त्यात मला मजाही यायची.

चीनमधल्या दाफेन या चित्रांच्या नकला करणाऱ्या गावातल्या एका गल्लीत, हुआंग उस्तादांच्या कारखान्यात मी होते. तिथे एकेक जण चित्राचा एकेक तुकडा रंगवी. मेईलान फक्त आभाळे रंगवायची. तिला अख्खे चित्र शिकायचे होते. उस्तादांनी तिच्यासमोर एक छापील चित्र टांगले. काळा समुद्र, फाटलेले आभाळ आणि खडकावर वादळाकडे तोंड करून उभा असलेला पाठमोरा माणूस.

"चंद्राच्या सणापर्यंत नक्कल जमली तर अख्खी चित्रं रंगवायला तुला स्वतःची जागा. नाही तर जा परत त्या खेळण्यांच्या कारखान्यात, बाहुल्यांचे डोळे चिकटवायला!"

आभाळ झकास उतरले. माणूस मात्र काही केल्या उतरेना.

"हा माणूस आहे की तांदळाचं पोतं?" उस्ताद ओरडत. "टोपी घातली म्हणून पोत्याचा माणूस होतो का गं?"

मग ते मला उचलत आणि मी त्याचे डोके, मान, पाठ खरवडून काढी. त्यानंतर चौकटीची लाकडी पट्टी मेईलानच्या पाठीवर बसे. शेजारचे चित्रकार मान खाली घालून नूडल्स खात.

सणाच्या आदल्या दिवशी उस्तादांनी इतक्या जोरात मारले की पट्टीच तुटली. मेईलान पडली नाही. मागे टांगलेल्या चित्र तपासायच्या आरशात, मान वळवताच तिला स्वतःची पाठ दिसली. एक खांदा वर, मान आत, पाय रोवलेले. तिने ब्रश उचलला आणि तीच पाठ खडकावर उभी केली. तो माणूस आता खरोखर वादळ झेलत होता. मला धडकीच भरली.

"बघा रे सगळे!" उस्ताद गरजले. "हे माझ्या पट्टीनं शिकवलं!"

मेईलानने मला उचलले आणि तो माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत खरवडून टाकला. त्या दिवशी मला पहिल्यांदाच मजा आली नाही.

"पट्टीनं शिकवलं ना? मग आता पट्टीलाच रंगवायला सांगा, उस्ताद."

मला खिशात घालून ती निघाली. बराच काळ तिने पुन्हा बाहुल्यांचे डोळे चिकटवले. आता त्याच गल्लीत, एका जिन्याखाली ती शिकवते. पाठमोरा माणूस तिने पुन्हा काढला, मार न खाता. तो तिथे भिंतीवर आहे. कुणाचे चित्र बिघडले की ती मला पुढे करते, मूठ शिकणाऱ्याकडे आणि पाते स्वतःकडे.

"ठेवायचं की खरवडायचं, तूच ठरव."

मित्रांनो, काम झाले की मला पुसून तेलाचा हात लावा. आणि दुसऱ्याच्या चित्रावर मला कधी उगारू नका. मी बोथट आहे, तरी लागते.