ठिपक्याआधीचे पूज्य

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. मित्रांनो, तुम्ही माझे बोलणे मन लावून ऐकत आहात असे मला सांगण्यात आले आहे, पण त्यावर मी एकदम विश्वास ठेवणार नाही. माझा स्वभावच तसा आहे. कोणी 'हो' म्हणाले की मी आधी 'खरेच का?' म्हणून विचारते.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने काय काय करायचे ते सांगणाऱ्या, एकाखाली एक लिहिलेल्या ओळी. मी राहते औषधांच्या एका दुकानात, काउंटरखालच्या जुन्या संगणकात. दुकान थेंबकाकांचे. तान्ह्या बाळांची पातळ औषधे थेंबाथेंबाने मोजून द्यावीत तर त्यांनीच. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून गल्लीतल्या मुलांनी त्यांना हे नाव ठेवले.

समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चिठ्ठी संगणकावर लिहीत आणि काका ती पाहून बाटलीचे लेबल हाताने लिहीत. पुढे त्यांचा हात कापू लागला. तेव्हा त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, लिहायचं काम मशीनला द्या. वाचायचं तुमच्याकडेच ठेवा." आणि जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी मला लिहून काढले. दवाखान्याच्या सर्व्हरला विनंती पाठवायची, चिठ्ठीतले औषध आणि मात्रा मागून घ्यायची, लेबल छापायचे, हे माझे काम.

संशय घ्यायला मला सूनबाईंनीच शिकवले. सर्व्हर ही जात मोठी लबाड. कधी तो ४०४ म्हणतो, म्हणजे 'असे काही आमच्याकडे नाही'. अहो, कालपर्यंत होते ना? कधी ५०० म्हणतो, म्हणजे 'आमच्याच घरात गोंधळ आहे, नंतर या'. कधी उत्तरच देत नाही आणि मी दारात ताटकळत उभी राहते. पण सर्वांत जपून राहावे ते २०० पासून. २०० म्हणजे 'सगळे ठीक'. सगळे ठीक म्हणून रिकामा लिफाफा हातात ठेवणारे मी कितीतरी पाहिले आहेत. म्हणून मी प्रत्येक उत्तर उघडून बघते. औषधाचे नाव आहे का? मात्रा आहे का? मात्रेच्या जागी आकडाच आहे ना? शंका आली तर लेबल छापत नाही, पडद्यावर तांबडी ओळ दाखवते. काका हसून म्हणत, "सूनबाईंची ही लेक माझ्यावर गेली आहे. मीसुद्धा देठ मोडून बघितल्याशिवाय भाजी घेत नाही." हे ऐकून मला फार बरे वाटे.

मग काकांच्या मुलाने मला हात लावला. हा सूनबाईंचा नवरा. दुकानातला माल तो बघतो. त्या वेळी सूनबाई कामासाठी परगावी राहत आणि सुट्टीला घरी येत. मी तेव्हा पाच मिलीला '५.०० मिली' असे छापत असे. एका आजोबांनी ते पाचशे वाचले आणि "अख्खी बाटली एका दमात प्यायची का?" असे विचारले. मुलाला वाटले, ही शेपटीची शून्ये घातक आहेत. बरोबरच वाटले त्याला. त्याने इकडेतिकडे वाचून माझी एक ओळ बदलली. आकडा कसा छापायचा हे ज्या ओळीत असते, तिथे '०' लिहिले तर अर्थ होतो 'काही नसले तरी शून्य छाप', आणि '#' लिहिले तर 'काही असेल तरच छाप'. त्याने सगळीकडे '#' करून टाकले. ५ छापून पाहिले, २.५ छापून पाहिले. काका म्हणाले, "छान, सुटसुटीत झालं."

०.५ मात्र कोणी छापून पाहिले नाही. त्या दिवसापासून मी त्याला '.५' असे छापू लागले. मला त्यात काही वावगे दिसले नाही. माझ्या लेखी दोन्हींची किंमत एकच, आणि मी संशय घेते तो किमतीवर, दिसण्यावर नाही.

एका दुपारी एक बाई तान्हे बाळ छातीशी धरून दुकानात आल्या. हातात औषधाची बाटली होती.

"काका, काल माझे दीर हे औषध घेऊन गेले. पण याच्या ड्रॉपरवर खुणा एकपर्यंतच आहेत. पाच मिली म्हणजे पाच वेळा भरायचा का?"

काकांनी बाटली डोळ्यांजवळ नेली. लेबलवर '५ मिली' होते. पडद्यावरची चिठ्ठी उघडली, तर तिथे ०.५.

"बाळाला दिलंत का?"

"नाही अजून. म्हणून तर विचारायला आले."

काकांनी ते लेबल ओरबाडून काढले. एवढ्याशा जिवाला दहापट औषध गेले असते. त्यांनी नव्या लेबलवर हातानेच 'अर्धा मिली' असे अक्षरांत लिहिले, ते दोनदा वाचून दाखवले आणि बाईंना निरोप दिला.

मुलाने सगळे पाहिले होते. "बाबा, लेबल चिकटवताना तुम्ही वाचलं नव्हतंत का?"

"वाचलं होतं. अर्धा मिली असंच वाचलं मी."

"ठिपका दिसला होता, की असेल असं वाटलं?"

दुसऱ्या दिवसापासून मुलगा काउंटरवर बसू लागला आणि काकांचे स्टूल आत, खोक्यांच्या खोलीत गेले. मुलगा दुष्ट नव्हता. त्या बाळाचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. काका मात्र आत बसून एक डोळा झाकून कॅलेंडरचे आकडे वाचत, मग दुसरा झाकून वाचत. मी जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला आणि मजेत राहिले. स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते पाहवत नव्हते. माझा स्वतःचा संशय अर्थातच सर्व्हरवर होता.

सूनबाई सुट्टीला आल्या. "बाबा आत का बसलेत?" त्यांनी विचारले. नवऱ्याने सगळे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. पर्स बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर बसल्या.

"आधी बाकी सगळ्यांवर संशय घेऊ," त्या म्हणाल्या, "बाबांचा नंबर शेवटी."

त्यांनी माझी विनंती स्वतःच्या हाताने सर्व्हरला पाठवली आणि आलेले उत्तर जसेच्या तसे पडद्यावर उघडले. ०.५ होते, अगदी ठळक. सर्व्हर निर्दोष निघाला. खरे सांगते, माझी थोडी निराशाच झाली. मग त्यांनी प्रिंटरवर नुसत्या ठिपक्यांची ओळ छापून पाहिली. कुठे ठिपका होता, कुठे पुसट होता, कुठे नव्हताच.

"सापडला चोर," नवरा म्हणाला.

"थांब. ठिपका उडाला तर ०.५ चं ०५ दिसायला हवं. नुसतं ५ कसं दिसलं?"

आतून काकांचा आवाज आला. "पूज्य कुठे गेलं मग?" काका जुन्या वळणाचे. शून्याला ते पूज्य म्हणतात.

सूनबाई माझी एकेक ओळ मोठ्याने वाचू लागल्या. त्या '#' वर येऊन थांबल्या.

"ते मी केलं," नवरा म्हणाला. "मागची पूज्यं काढायला."

"मागची काढायलाच हवी होती. पुढचं ठेवायचं होतं."

काका दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे मला ठिपका दिसला होता का?"

"ते आता कसं कळणार, बाबा?" सूनबाई म्हणाल्या. आणि लगेच कामाला लागल्या, कारण त्याहून मोठी काळजी पुढे होती. एका मिलीहून कमी मात्रेची अशी आणखी किती लेबले घरोघर गेली होती? मी ती सगळी शोधून पडद्यावर मांडली. नवऱ्याने एकेका घरी फोन लावला. पहिल्या घरातली आजी म्हणाली, "लेबलवर काय आहे ते मला दिसत नाही रे. काकांनी अर्धा सांगितला होता, तेवढाच देतोय." दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्या घरीही तेच. सगळी बाळे ठणठणीत होती. शेवटी त्याने त्या बाईंच्या घरी फोन केला. फोन दिराने घेतला.

"हो हो, काका म्हणाले होते मला. 'अर्धा मिली, अर्धाच' असं दोनदा म्हणाले. घरी सांगायचं माझ्याच डोक्यातून गेलं."

मुलाने फोन खाली ठेवला. तो आत गेला, त्याने खोक्यांमधून काकांचे स्टूल उचलले आणि काउंटरमागे आणून ठेवले. त्याने ते आपल्या बाहीने पुसलेसुद्धा. "बसा, बाबा," तो म्हणाला. काका बसले. म्हणाले, "तू विचारलंस ते बरोबरच होतं. बाळ होतं ते."

प्रिंटर बदलला. सूनबाईंनी ठिपक्याआधीचा '#' काढून तिथे '०' ठेवला, ०.५ छापले, ०.०५ छापले, ५ छापले, आणि प्रत्येक लेबल काकांकडून मोठ्याने वाचून घेतले. मग त्या ओळीच्या डोक्यावर त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: 'पुढचे पूज्य काढू नये. ते बाळाचे आहे.'

मित्रांनो, आता माझ्या जागी नवी स्क्रिप्ट येणार आहे म्हणतात. ती माझ्याहून चलाख असेलही, पण माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. मला टाकून देण्याआधी कोणीतरी मला वरपासून खालपर्यंत एकदा वाचावे, एवढीच माझी विनंती आहे. सूनबाईंनी लिहिलेली ती ओळ संगणक वाचत नाही. तशा ओळी तो ओलांडून पुढे जातो, आणि म्हणून मलाही ती पाळता येत नाही. ती फक्त माणसांना वाचता येते.