थेंबकाकांची चूळ

गावात पाण्याची चव घेण्याचा पगार एकाच माणसाला मिळत असे. सगळे त्याला थेंबकाका म्हणत. एकतीस वर्षं रोज सकाळी जलशुद्धीकरण केंद्रात नमुन्यांची रांग मांडायची, पेला उजेडाकडे धरायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि मोरीत थुंकायचा. चाळीस नमुने गिळले तर माणसाचाच हौद व्हायचा.

यंदाच्या निवडणुकीने मात्र काकांची पाचावर धारण बसली. उमेदवार होते टँकरमालक. सभेत त्यांनी गढूळ पाण्याची बाटली उंच धरली. "हे तुमची लेकरं पितात! मला निवडून द्या, केंद्राला कुलूप लावतो, दारोदारी टँकर आणतो." बाटली कुठं भरली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. काकांनी त्या टँकरांचे पाच नमुने तपासले होते. तीन नापास. आणि घरात चार वर्षांची नात, दिसेल ते पाणी पिणारी.

काकांनी अहवालाच्या प्रती वाटल्या. लोकांनी त्यांत चपला गुंडाळल्या.

"आकडे काय वाचून दाखवताय?" बायको म्हणाली. "लोक घाबरलेत. चारचौघांत केंद्राचं पाणी पेलाभर पिऊन दाखवा."

मतदानाच्या आदल्या दिवशी शाळेच्या मैदानात दोनेकशे माणसं जमली. शेजारच्या वहिनी कडेवर पोर घेऊन अगदी पुढे, त्यांच्या बाजूला काकांच्या बायकोचं बोट धरून नात.

"पिताय ना, काका?"

काकांनी नळाखाली पेला भरला. चारशे डोळे पेल्यावर. काकांचं डोकं रिकामं झालं, आणि हातांनी आपलं रोजचं काम सुरू केलं. पेला उजेडाकडे गेला.

"बघतोय बघा काहीतरी," मागून कुणीतरी कुजबुजलं.

काकांनी वास घेतला. पुढची रांग एक पाऊल मागे सरली. काकांनी घोट घेतला, घोळवला आणि पचकन थुंकला.

"अगंबाई!" वहिनी किंचाळल्या. "ज्याला कळतं, तोच थुंकला!"

आया पोरं उचलून पळाल्या. "अहो, सवय आहे! नुसती सवय!" काका ओरडले. त्यांनी अख्खा पेला रिचवला. मग दुसरा, मग तिसरा.

"बिचारा," एक गृहस्थ जाता जाता म्हणाले, "नोकरीपायी जीव देतोय."

दुसऱ्या दिवशी काकांनी बायकोला विचारलं, "मत कुणाला दिलंस?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. "तुम्ही थुंकलात हो. मी डोळ्यांनी बघितलं."

"एकतीस वर्षं तेच करतोय!"

"मग एकतीस वर्षांत घरी सांगायचं होतंत."

पंधरवड्यात केंद्राला कुलूप लागलं. टँकर आला, भोंगा वाजला, बादल्यांची झुंबड उडाली. काका घरातली पातेली उकळायला ठेवत होते. खिडकीतून त्यांना नात दिसली, टँकरच्या नळाशी, हातात आपला छोटा पेला घेऊन.

काका चपला न घालताच धावले. रांगेतले लोक हसले. "काका, आता कसली तपासणी?"

पोरीनं पेला उजेडाकडे धरला. नाकाशी नेऊन वास घेतला. घोट घेऊन गाल फुगवून फुगवून घोळवला. अगदी आजोबांसारखा.

"थुंक, बाळा!" काकांचा आवाज फाटला. "थुंक!"

तिनं आजोबांना पाहिलं, खुदकन हसली आणि घोट गिळला.