पुढचा ब्रेक

दादाच्या वर्कशॉपमध्ये बाटल्यांवर कधी चिठ्ठी लागली नाही. स्कूटरच्या ब्रेकचं तेल आणि डोंगरी सायकलच्या ब्रेकचं तेल, दोन्ही एकसारख्या बाटल्यांत, दोन्ही फिकट पिवळी. दादा बूच काढून नाकाशी धरायचा आणि कुठलं ते सांगायचा. चिठ्ठ्या अडाण्यांसाठी, असं त्याचं म्हणणं. पंधरा वर्षं त्याच्या हाताखाली काढून धाकट्या बहिणीचंही नाक तयार झालं होतं, पण मान दादाच्याच नाकाला.

आज तिच्यासमोर भाचीची सायकल होती. नऊ दिवसांपूर्वी टेकडीच्या उतारावर पुढचं चाक एकदम अडकलं आणि दादाची ही एकुलती एक पोर हँडलवरून उडून दगडांवर आपटली. कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टरांनी आशेचं नावही काढलं नाही. पोरीचा मात्र एकच धोशा होता. "आत्या, माझ्या हातून चुकलं का? बघून सांग. खरं सांग." आत्याने तसा शब्द दिला होता.

दादाचा निकाल केव्हाच लागला होता. तिच्या उशाशी बसून तो रोज तेच म्हणायचा, "उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबला, दुसरं काय!" अपघाताच्या आदल्या संध्याकाळी पोर ब्रेक कडक लागतोय म्हणून सांगायला आली, तेव्हाही त्याने हसून उडवून लावलं होतं. म्हणे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" बाप कसला, दगड, असं बहिणीला वाटायचं.

बहिणीने हँडलवरची ब्रेकची लिव्हर दाबून पाहिली. जेमतेम हलली, आणि सोडल्यावर परत येईना. चाक काढलं, पॅड पाहिले, स्वच्छ होते. नळी कुठे दुमडलेली नव्हती. मग तिने नळीच सोडवली. आता तरी लिव्हर सैल पडायला हवी होती, पण ती तशीच ताठ. म्हणजे दोष लिव्हरच्या आतच. खोलून पाहते तर रबरी सील फुगून नळकांड्यात घट्ट बसलेलं.

सायकलचं तेल हे रबर वर्षानुवर्षं सांभाळतं. स्कूटरचं तेल चार दिवसांत फुगवतं. तरी खात्री हवी म्हणून तिने नळीतलं तेल पेल्यातल्या पाण्यात टाकून ढवळलं. सायकलचं असतं तर वर तरंगलं असतं. हे विरघळून गेलं.

अपघाताच्या आधीच्या आठवड्यात ब्रेकमध्ये तेल दादानेच भरलं होतं. तो पलीकडे स्कूटरचं चाक बसवत होता. बहिणीने फळीवरची एक बाटली उचलली, बूच काढून आधी स्वतः हुंगली आणि त्याच्यापुढे धरली.

"दादा, हे कुठलं?"

त्याने ऐटीत हुंगलं. "सायकलचं."

"स्कूटरचं आहे."

त्याने पुन्हा हुंगलं. मग तिसऱ्यांदा, डोळे मिटून. हातातला पाना खाली पडला.

"गेल्या महिन्यात ताप आला ना, तेव्हापासून कसलाच वास येत नाही गं," तो म्हणाला. "वाटलं, येईल परत. तुला कसं सांगायचं?"

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. यातलं तिने काहीच केलं नाही. तोच म्हणाला, "बापाने केलंय, बापच सांगेल. चल."

हॉस्पिटलात पोर छताकडे बघत पडली होती. दादा स्टुलावर बसला. त्याने तिच्या पावलावर हात ठेवला, मग तिला ते कळत नाही हे आठवून काढून घेतला.

"ब्रेक तपासला," तो म्हणाला. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. "ठीक होता."

बहिणीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. पोरीने डोळे मिटले. मग तिने मान वळवली.

"आत्या?"

दादा बहिणीकडे बघत होता. असा केविलवाणा तिने त्याला जन्मात पाहिला नव्हता. हे काम तिला शिकवलं ते त्याने, पोटाला लावलं ते त्याने. पण तिने पोरीला शब्द दिला होता.

"ठीक नव्हता," ती म्हणाली. "चुकीचं तेल होतं. बाबांनी भरलेलं. तू कितीही हलक्या हाताने दाबला असतास तरी चाक अडकलंच असतं."

दादाने मान खाली घातली.

"म्हणजे मी नीट चालवत होते," पोर म्हणाली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच ती रडली. रडणं थांबल्यावर तिने तोंड पुसलं.

"आत्या, बाबांना बाहेर ने."