भूसंपर्काचा सातबारा

देवळीच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाला गेल्या दिवाळीत देणगीचे जनित्र मिळाले, तेव्हा कार्यकारिणीने त्याच्या अंगावर दात्याचे नाव तीन ठिकाणी रंगवून घेतले. त्या अंगात उतरणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट मात्र एकही ठेवली नाही. वाचनालय उघडणाऱ्या, झाडणाऱ्या आणि वीज गेली की हे यंत्र सुरू करणाऱ्या कौशल्याबाईंना हे सर्वांच्या आधी कळले, कारण हात त्यांचा होता.

"सर, हे मशीन चावून राह्यली जी," त्या म्हणाल्या. "काल नुसत्या मुंग्या आल्या. आज तं झटकाच बसला."

मी या संस्थेचा मानद चिटणीस. चाळीस वर्षे भाषाशास्त्र शिकवून निवृत्त झालेलो. त्याच दुपारी मी अध्यक्ष अण्णाजींना पत्र लिहिले. 'अर्थिंग' हा परका शब्द माझ्या लेखणीतून उतरणे शक्य नव्हते. मी लिहिले : 'जनित्रास भूसंपर्क नाही. तो त्वरित प्रस्थापित करावा; अन्यथा जीवितहानी संभवते.' वाक्य निर्दोष होते.

उत्तर अठरा दिवसांनी आले. कार्यकारिणीतल्या सात सुशिक्षितांनी एकमताने ठराव केला होता : 'सदर जमिनीबाबत कोणाशी संपर्क साधावयाचा, याचा चिटणीसांनी खुलासा करावा. सोबत सातबारा जोडावा.'

राग एका मर्यादेपलीकडे उकळत नाही, गोठतो. मी गोठलेल्या शाईने दोन पानी खुलासा लिहिला, त्याला चार तळटीपा जोडल्या आणि जनित्राला हात लावायची सर्वांना बंदी केली. वीज गेली की स्पर्धा परीक्षेची मुले पुस्तके घेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली बसू लागली. अण्णाजींनी तळटीपा वाचल्या नाहीत. 'चिटणीस देणगीचे यंत्र धूळ खात ठेवतात' एवढेच त्यांनी ऐकले, आणि शनिवारी सकाळी ते स्वतःच नारळ फोडून यंत्र सुरू करायला आले. सोबत सेलूचा वायरमन हेमराज होता.

अण्णाजींनी श्रद्धेने चपला काढल्या. फरशी नुकतीच धुतलेली. हेमराजने रबरी बुटांनिशी दोरी ओढली, यंत्र धडधडू लागले, आणि अण्णाजी नारळ उगारून थेट त्याच्या लोखंडी चौकटीकडे निघाले. मी 'भू—' एवढे उच्चारेपर्यंत कौशल्याबाई खराटा आडवा धरून मध्ये उभ्या होत्या.

"थांबा, अण्णाजी! याले अर्थिंग नाई!"

"अर्थिंग नाई?" अण्णाजींचा हात हवेतच राहिला. "मंग मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

"सरांनी दोनदा लिहून देल्लं ना जी."

अण्णाजींनी खिशातून माझे पत्र काढले आणि ते लांब धरून चष्म्यावरून पाहिले. "याच्यात कुठी हाये अर्थिंग? याच्यात तं वावराचा मामला हाये!"

मुले हसली. हेमराजने टेस्टर चौकटीला टेकवला. आतला दिवा लालभडक पेटला. हसणे थांबले. अण्णाजींनी एक पाऊल मागे घेतले, मग दुसरे, आणि चपला घातल्या.

"बंद कर बे ते," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आनी आजच्या आज खड्डा खोद."

दुपारपर्यंत भिंतीलगत खोल खड्डा झाला. हेमराजने तळाशी धातूचा पत्रा उभा केला, भोवती कोळसा आणि खडे मीठ भरले आणि जनित्राच्या चौकटीपासून हिरवी तार आणून पत्र्याला घट्ट आवळली. नारळ अखेर त्या खड्ड्याच्या काठावर फुटला.

"पानी आत जाऊ द्या," हेमराज म्हणाला. "ओल पायजेच. उन्हायात रोज बादलीभर टाकत जाजा, मावशी."

त्याने मीटर लावून मोजले आणि मान डोलावली. यंत्र पुन्हा सुरू झाले. टेस्टर विझलेलाच राहिला. मग कौशल्याबाईंनी पदराला पुसून हात कोरडा केला आणि चौकटीला टेकवला.

"गप हाये," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच यंत्राकडे पाहून हसल्या. मुले कडुनिंबाखालून उठून आत पंख्याखाली गेली.

संध्याकाळी कौशल्याबाईंनी नोंदवही माझ्यापुढे ठेवली. मी 'भू' लिहिले. त्या माझ्या खांद्यामागे खराटा घेऊन उभ्याच होत्या. मी 'भू' खोडले, आणि आयुष्यात प्रथमच, स्वच्छ अक्षरात, लिहिले : 'जनरेटरला अर्थिंग केले.'

त्यांनी एकेक अक्षर लावून वाचले.

"हां," त्या म्हणाल्या. "आता कोनी सातबारा नाई मांगनार."